अडतिसावी मशीन

"मामा, ही केबल तू लावली का?"

विभागप्रमुख सरांनी मला विचारलं. लॅबमध्ये सदतीस मुलं आपापल्या मशीनसमोर बसली होती. अडतिसावी, माझी मुलगी रोशनी, उभी होती. नागपूरहून परीक्षा घ्यायला आलेला कंपनीचा माणूस तिच्या टेबलाशी वाकून मागच्या तारा पाहत होता. सगळ्यांनी माझ्याकडे मान वळवली.

मी म्हणालो, "नाही सर."

केबल मी लावली होती.

सर कंपनीच्या माणसाकडे वळले. "मग हिनंच लावली. विणकराची पोर आहे साहेब, घरात गाठी मारायची सवय. इथंही दुसऱ्याच्या धाग्याला आपला धागा जोडून बसली."

चार-पाच मुलं हसली. मोठ्यानं नाही. नाकातून.

रोशनी एकच शब्द बोलली. "बाबा." त्याच्यापुढं काही नाही. ती माझ्याकडे पाहत होती. मी तिच्या टेबलाच्या पायाकडे पाहत होतो.

"मामा, हिला बाहेर ने."

मी तिचा दंड धरला आणि तिला दारापर्यंत नेलं. आमच्या लॅबमध्ये धूळ नको म्हणून चपला बाहेर काढतात. त्या ढिगात तिला तिची चप्पल लवकर सापडेना. मी आतून दार ओढून घेतलं. परीक्षा चालू असताना दार उघडं ठेवायचं नाही, असा नियम आहे. नियम मी पाळला.

हे कसं झालं ते सांगतो. माझी चूक कुठं आहे, तेही सांगतो.

मी या कॉलेजात एकोणीस वर्षांपासून लॅब अटेंडंट आहे. हायवेला लागून कॉलेज आहे. नाव लिहीत नाही, नावानं काही फरक पडत नाही. आमचं गाव मोहाडी तालुक्यात. माझे वडील कोशाचं, म्हणजे टसर रेशमाचं, कापड विणायचे. घरात खड्ड्याचा माग होता. ताणा, म्हणजे उभे धागे, लावताना ते मोजायचं काम लहानपणी माझ्याकडे असायचं. एक धागा कमी पडला तर ठाणाच्या शेवटापर्यंत रेघ दिसते, आणि ती रेघ पाहूनच व्यापारी भाव पाडायचा. मोजायची सवय तिथं लागली, ती गेली नाही. माग मोडला, मी बारावी होऊन इथं लागलो, पण मोजत राहिलो.

लॅब क्रमांक तीन माझ्याकडे. टेबलं साठ. मशीन साठ. चालणाऱ्या सदतीस. हे मला पाठ आहे, कारण रोज सकाळी सव्वानऊला मी एकेक चालू करून पाहतो आणि वहीत खूण करतो. तेवीस मशीन अशा आहेत की त्यांचा सीपीयूचा डबा फक्त ठेवलेला आहे. आत काहींमध्ये रॅमसुद्धा नाही. मॉनिटर चांगला, डबा मेलेला. मुलं त्यांना "मयत" म्हणतात. "मामा, मी मयताजवळ बसू का?" म्हणजे बाजूला वही ठेवायला जागा मिळते.

वर्गात मुलं पंच्याहत्तर असायची. ज्यांच्याकडे स्वतःचा लॅपटॉप, त्यांना लॅबची गरज नव्हती. त्यांचा लॅपटॉप माझ्याकडे आणायचा, मी त्याचा नंबर रजिस्टरमध्ये लिहायचा, मग वरच्या ऑफिसातून त्या नंबरला वायफाय सुरू व्हायचं. मोबाइलला नाही. एका मुलाला एक लॅपटॉप, असा नियम. लॅपटॉप नसेल तर वायफाय नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहायची गरज पडली नव्हती.

मग उरलेली मुलं लॅबमध्ये. एका मशीनवर दोन, कधी तीन. एक टाइप करणार, दोघं पाहणार. मी बाहेरच्या चपला मोजायचो आणि आतल्या चालू मशीन मोजायचो. टाइप करणारा बहुतेक मुलगा असायचा. पाहणाऱ्यांत मुली. आंबागड, एकोडी, पवनीकडच्या. माझी रोशनी त्यांच्यातच. ती तिसऱ्या वर्षाला होती. लॅपटॉप मी तिला घेऊन देऊ शकलो नाही. रोज सकाळी माझ्या गाडीवर मागे बसून यायची, संध्याकाळी माझ्यासोबत जायची. येताना मी तिला दरवेळी सांगायचो, पहिल्या ओळीत बस, मशीनच्या समोर बस, पाहत बसू नको, हात घाल. ती म्हणायची, "बाबा, हात घालाले मशीन तं पाह्यजे ना."

मी ऐकून घ्यायचो. मशीन किती आहेत ते तिच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं.

दरवर्षी विद्यापीठाची समिती येते. लॅब पाहते, मशीन मोजते, सही करते. मोजण्याची पद्धत अशी की समितीचे लोक रांगेतून चालत जातात आणि पेटलेले पडदे पाहतात. कोणी बसून माऊस हलवत नाही. म्हणून आमच्या कॉलेजात एक युक्ती चालायची. इंग्रजी वाय अक्षरासारखी एक केबल मिळते, एका डब्याला दोन मॉनिटर जोडता येतात. चांगल्या मशीनचंच चित्र शेजारच्या मॉनिटरवर दिसतं. तेवीस मेलेल्या मशीनचे मॉनिटर असे शेजारणीला जोडायचे. साठ पडदे पेटतात. समिती साठ लिहिते. समिती गेली की केबल काढायच्या, खोक्यात ठेवायच्या.

हे काम मी करायचो. नऊ वर्षं मी केलं. आणि समितीच्या कागदावर 'प्रयोगशाळा परिचर' अशी जागा असते, तिथं सहीसुद्धा मीच केली. साठ.

सर पहिल्या वर्षीच म्हणाले होते, "हे तुझ्या त्या वहीत लिहायचं नाही बरं का, मामा." मी लिहिलं नाही. मी सगळं लिहितो. कोणती मशीन कधी बंद पडली, कोणत्या मुलाकडून माऊस तुटला, पंखा कोणत्या तारखेला दुरुस्त झाला. फक्त त्या तेवीस केबल कुठं लावल्या, कुठून काढल्या, हे लिहायची मनाई होती. ते मी डोक्यात ठेवायचो.

त्या वर्षी संक्रांतीनंतर समिती येऊन गेली. संध्याकाळी मी केबल काढल्या. घाई होती, घरी पाहुणे होते. खोक्यात टाकल्या. मोजल्या नाहीत. वहीत नव्हत्याच, तर कशाशी ताडून पाहणार. बावीस काढल्या होत्या. एक राहिली. मेलेल्या मशीनचे मॉनिटर एरवी बंदच असतात, म्हणून ती दिसली नाही.

पंधरा दिवसांनी कंपनी येणार असल्याची सूचना लागली. तिसऱ्या वर्षाच्या मुलांसाठी. परीक्षा पास झाली तर सहा महिन्यांची इंटर्नशिप, आणि त्यातून पुढं नोकरी. परीक्षा ऑनलाइन, एकाच वेळी सगळ्यांची. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे त्यांनी सेमिनार हॉलमध्ये वायफायवर द्यायची. तिथं मार्कांची अट नव्हती, लॅपटॉप असला की बसा. लॅपटॉप नसलेल्यांनी लॅबमध्ये. लॅबमध्ये जेवढ्या मशीन तेवढीच मुलं, मार्कांच्या क्रमानं. सदतीस.

त्या यादीत रोशनी सदतिसावी होती. मी तिला सांगितलं नाही, पण मी यादी चारदा मोजली. सदतिसावी. काठावर, पण आत.

परीक्षेच्या आदल्या दिवशी यादी बदलली. एका मुलाचं नाव वर घातलं होतं. तुमसरच्या राइस मिलवाल्यांचा मुलगा, यश. त्याचा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता. मार्क त्याचे बरेच खाली. पण त्याच्या काकांच्या नावाची पाटी कॉलेजच्या वाचनालयावर आहे. रोशनी अडतिसावी झाली, म्हणजे यादीच्या बाहेर.

मी काही बोललो नाही. रोशनीनंही यादी पाहिली असणार. गाडीवर परत येताना तलावाच्या पाळीवरून ती म्हणाली, "बाबा, त्याच्यापाशी तं घरी दुसराबी लॅपटॉप असंल ना." मी म्हणालो, "असंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी परीक्षेची बैठक लावणाऱ्या मॅडम माझ्याकडे धावत आल्या. नव्या होत्या, चांगल्या मनाच्या होत्या. म्हणाल्या, "मामा, मी आत्ता साठही मॉनिटर चालू करून पडदे मोजले. अडतीस चालू आहेत. एक जास्त निघाली. रोशनीला बसवते."

आता माझी चूक ऐका.

मला माहीत होतं, मशीन सदतीस आहेत. मी रोज मोजतो. अडतीस होऊच शकत नाही. मेलेला डबा आपोआप जिवंत होत नाही. दुसऱ्या कोणत्याही दिवशी कोणी मला अडतीस म्हणालं असतं, तर मी लगेच जाऊन एकेक तपासली असती. त्या दिवशी मी तपासली नाही. आकडा जुळत नव्हता आणि मी खूश झालो. एक वाढली, आपल्या पोरीसाठी वाढली, असं वाटलं. मी रोशनीला बोलावलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "जाय, बस."

मीच तिला त्या मशीनवर बसवलं.

तिच्या शेजारी यश बसला होता. त्याच्या डब्याला दोन पडदे होते, एक त्याचा, एक तिचा. हे त्यालाही माहीत नव्हतं, तिलाही नाही. मला माहीत असायला पाहिजे होतं.

परीक्षा सुरू झाली. रोशनीनं माऊस हलवला, बाण हलेना. मग बाण आपोआप हलू लागला. तिच्या पडद्यावर दुसऱ्याचं नाव टाइप झालं. प्रश्न उघडला. उत्तरावर खूण झाली. तिनं हात वर केला. कोणी पाहिलं नाही. मग उभी राहिली. कंपनीच्या माणसानं येऊन पाहिलं, तर दोन्ही पडद्यांवर एकच पेपर. तो इंग्रजीत काहीतरी मोठ्यानं बोलला.

सर आले. सरांनी एकदा टेबलाच्या मागे पाहिलं आणि त्यांना सगळं समजलं. त्यांच्या तोंडावरून मला कळलं. खरं सांगितलं असतं, तर केबल का लावली होती तेही सांगावं लागलं असतं. कंपनी गेली असती, समितीचा कागद उघडा पडला असता, आणि यशचा पेपर रद्द झाला असता. त्यापेक्षा एक मुलगी सोपी होती.

सरांनी मला विचारलं. मी "नाही सर" म्हणालो.

किती वेळ लागला असेल मला? दोन सेकंद. त्या दोन सेकंदांत मी काय विचार केला, हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. काहीच केला नव्हता. एकोणीस वर्षांत सरांनी काही विचारलं की त्यांना जे ऐकायचं असेल ते माझ्या तोंडून निघायचं. तेच निघालं.

दुपारी फलकावर कागद लागला. विद्यार्थिनीचं नाव, रोल नंबर. परीक्षेत उपकरणांशी छेडछाड. कॉलेजच्या कोणत्याही कंपनी-निवडीत बसण्यास मनाई. लॅब आणि नेटवर्कचा आयडी पुढील आदेशापर्यंत बंद.

आयडी बंद करायचा कागद माझ्याच टेबलावर आला, कारण लॅबची यादी मी ठेवतो. मी तिच्या नावापुढं 'बंद' लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे.

त्या संध्याकाळी मी गाडी काढून उभा राहिलो. ती आली नाही. ती एसटीनं गेली. त्या दिवसापासून ती माझ्या गाडीवर बसली नाही. घरी मला ताट वाढायची, पाणी द्यायची. बाबा म्हणून हाक मारत नव्हती. अकरा दिवस. बाराव्या दिवशी मारली, कारण तिच्या आईला ताप आला होता आणि डॉक्टरकडे न्यायचं होतं.

मी घरी काही सांगितलं नव्हतं. रोशनीनंही सांगितलं नव्हतं. पण गावात कळतंच. बायकोनं मला एकदा विचारलं, "अजी, पोरीनं खरंच केलं का तसं?" मी म्हणालो, "नाही." ती म्हणाली, "मंग तुमी तिथंच होते ना?" मी उठून बाहेर गेलो.

कॅन्टीनमध्ये ऑफिसचा शिपाई म्हणाला, "काय मामा, पोरीनं वायफायबी विणून टाकला म्हणते." सगळे हसले. मीसुद्धा हसलो. हेही लिहितो, कारण लपवायचं नाही असं ठरवलं आहे.

पुढचं सेमिस्टर असं गेलं. लॅबचा तास असला की मुलं चपला काढून आत जायची. रोशनी दाराबाहेर चप्पल घालून उभी राहायची. आत यायला तिला बंदी, आणि दाराशी माझी ड्यूटी. तिनं घरी रात्री वहीत प्रोग्रॅम लिहून आणलेला असायचा. एकोडीची तिची मैत्रीण वही आत न्यायची आणि टाइप करायची. चूक आली की मैत्रीण दाराशी येऊन सांगायची, रोशनी उभ्या उभ्या वहीत पाहायची, "अठराव्या ओळीत कंस राह्यला पाह्य," म्हणायची. मैत्रीण परत आत. एका तासात सात-सात वेळा. मशीन न पाहता ती मशीनमधली चूक सांगायची. आतली मुलं मशीनसमोर बसून सांगू शकत नव्हती.

मध्ये मी बसलेला. तिच्या आणि मशीनच्या मध्ये, खुर्ची टाकून.

एकदा यश माझ्याकडे आला. त्याला ती इंटर्नशिप मिळाली होती. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून म्हणाला, "मामा, उसने कुछ नहीं किया था. मेरे को दिख रहा था ना. लेकिन सर बोले, तू चूप बैठ." मी त्याला काय बोलणार? तो वीस वर्षांचा होता. मी एकोणपन्नास. तो गप्प बसला तेव्हा त्याच्यासमोर मी बसलो होतो, गप्प.

दिवाळीनंतर पुन्हा समिती येणार असं कळलं. रोशनी आता शेवटच्या वर्षाला होती. या वर्षी कॉलेजला प्रवेशाच्या जागा वाढवून हव्या होत्या, म्हणून समिती मोठी होती. आदल्या दिवशी सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बसायला सांगितलं नाही. मोबाइलवर बोट फिरवत म्हणाले, "तेवीस केबल आहेत ना? आणि या वेळी नीट काढ. मागच्या वेळी तुझ्यामुळं किती त्रास झाला."

त्रास झाला. तुझ्यामुळं.

तेव्हा मला समजलं की त्यांना सगळं आठवतं. केबल मी लावली हे आठवतं, मी नाही म्हणालो हे आठवतं, आणि मी पुन्हा लावणार हेही त्यांना माहीत आहे. माझ्या मुलीचं काय झालं हे त्यांना आठवायची गरज नव्हती. त्यांच्या हिशोबात तो फक्त त्रास होता, जो माझ्यामुळं झाला आणि संपला.

मी म्हणालो, "हो सर, आहेत."

घरी गेलो. रोशनी ओसरीत बसून वहीत लिहीत होती. मी तिच्यासमोर बसलो. म्हणालो, "ती केबल मीच लावली होती."

तिनं मान वर केली नाही. म्हणाली, "मले माहीत हाय."

"केव्हापासून?"

"त्याच दिवशी. तुमाले कोनी इचारलं तर तुमी पहिले मान खाजवता, मंग सांगता. त्या दिवशी खाजवली नाही."

मी म्हणालो, "मंग तू काहून बोलली नाही?"

आता तिनं माझ्याकडे पाहिलं. "मी काहून बोलू, बाबा? इचारलं तुमाले होतं."

 

दुसऱ्या दिवशी मी साडेआठला लॅबमध्ये गेलो. खोकं काढलं. तेवीस केबल मोजल्या, तशाच ठेवल्या, खोक्याला दोरी बांधली. सदतीस मशीन चालू केल्या. तेवीस पडदे काळेच ठेवले. मग माझ्या वहीत आदल्या नऊ वर्षांची राहिलेली नोंद लिहिली. कोणत्या वर्षी, कोणत्या समितीसाठी, किती पडदे खोटे पेटवले. एक पान पुरलं. त्याखाली संक्रांतीनंतरच्या परीक्षेची नोंद लिहिली. 'सदर केबल मी लावली होती. काढायची राहिली. विद्यार्थिनीने कशालाही हात लावला नाही. विचारले असता मी खोटे बोललो.' सही केली, तारीख घातली.

समिती साडेअकराला आली. पाच जण. सर पुढं होते. दारातून आत आले आणि काळे पडदे पाहून थबकले. मग हसून म्हणाले, "सकाळपासून लाइटचा जरा प्रॉब्लेम आहे, मॅडम. मामा, ते मागचं बटन पाह्य."

समितीच्या अध्यक्ष बाई वयस्कर होत्या. त्यांनी मला विचारलं, "लाइट गेली होती का?"

मी म्हणालो, "नाही मॅडम. लाइट आहे. मशीन साठ मांडल्या आहेत. चालतात सदतीस."

सर म्हणाले, "याला काही कळत नाही, मॅडम, हा अटेंडंट आहे."

मी म्हणालो, "कळत नाही तर नऊ वर्षं माझी सही कायले घेतली?"

माझा आवाज मोठा नव्हता. वही मी टेबलावर उघडून ठेवली. त्या पानाची एक नक्कल मी अध्यक्ष बाईंना दिली. परीक्षेबद्दलची नोंद वाचून दाखवली. मुलं होती तिथं, तीस-पस्तीस. या वेळी कोणी हसलं नाही. बाईंनी कागद वाचला, घडी केली, पर्समध्ये ठेवला. "आम्ही नोंद घेऊ," म्हणाल्या. पुढच्या लॅबकडे गेल्या.

त्यांनी काय नोंद घेतली मला माहीत नाही. वाढीव जागा कॉलेजला मिळाल्या, एवढं माहीत आहे.

मला तिसऱ्या दिवशी मेमो मिळाला. गैरवर्तन. आठवड्यात बदली झाली. आता मी वर्कशॉपच्या मागच्या गोदामात बसतो. तिथं मोजायला जुनी बाकडी आहेत. लॅबची किल्ली दुसऱ्याकडे गेली.

महिन्यानं प्राचार्यांनी बोलावलं. खुर्ची दिली, चहा दिला. गोड बोलले. म्हणाले, तुम्ही जुने माणूस, गैरसमजातून लिहिलं असं एका ओळीचं पत्र द्या, मेमो रद्द करू. आणि मुलीकडून एक साधं माफीपत्र आणा, तिचा आयडी त्याच दिवशी सुरू करू. पुढच्या महिन्यात दोन कंपन्या येत आहेत, तिलाही बसू देऊ. तिच्या आयुष्याचा विचार करा, म्हणाले.

खोटं कशाला सांगू, मी विचार केला. दोन कंपन्या. शेवटचं वर्ष. बाहेर पडली की आमच्यासारख्यांच्या मुलीला कोण बोलावून घेणार? एकेका ओळीची दोन पत्रं, एक माझं, एक तिचं. संध्याकाळी मी तिला सगळं जसंच्या तसं सांगितलं. माझं मत सांगितलं नाही. म्हणालो, तू म्हणशील तसं करतो.

तिची आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

मग रोशनी म्हणाली, "माफी कायची, बाबा? मी केलं का काही? तुमचा कागद तुमी वापस घेतला तं मंग मीच केलं ना."

आई म्हणाली, "अवो पन नोकरी..."

"नोकरी लागंल का नाही, ते मी पाहीन," ती म्हणाली. "मी चोर नाही, येवढं तं लिवून असू द्या कुठंतरी."

दुसऱ्या दिवशी मी प्राचार्यांना लेखी उत्तर दिलं. निवेदन मागं घेत नाही. मुलगी माफी मागणार नाही. फलकावरचं तिचं नाव काढून त्या जागी माझं नाव लावावं, कारण केबल मी लावली आणि खोटं मी बोललो. आवक विभागाचा शिक्का घेतला. उत्तर आलं नाही. आठ दिवसांनी पुन्हा तोच अर्ज दिला. दर सोमवारी देतो. शिक्का मारणारा कारकून आता माझ्याकडे न पाहता शिक्का मारतो.

दोन कंपन्या येऊन गेल्या. रोशनी बसली नाही. बसू दिलं नाही. तिचा आयडी बंद आहे. फलकावरचा कागद पिवळा पडला आहे, पण नाव वाचता येतं. ती अजून एसटीनंच जाते-येते. मी गाडी काढली की थांबतो, ती मान हलवते आणि रस्त्यानं चालू लागते. मला माफ केलं का, हे मी तिला विचारलं नाही. विचारणारही नाही. ते मागण्याचा हक्क मी त्या दिवशी दार ओढून घेतलं तेव्हा घालवला.

पण एक काम माझ्या हातात आहे आणि ते कोणाच्या परवानगीनं करायचं नाही. त्या दिवशी लॅबमध्ये रोशनी सोडून सदतीस मुलं होती. सदतीस जणांनी ऐकलं की तिनं केबल लावली, आणि सदतीस जणांनी ऐकलं की तिचा बाप नाही म्हणाला. त्या यादीची नक्कल माझ्याकडे आहे. मी एकेकाला गाठतो. वर्गाबाहेर, बसस्टँडवर, होस्टेलच्या फाटकाशी. समोर उभा राहतो आणि सांगतो: केबल मी लावली होती, मी खोटं बोललो, रोशनीनं काही केलं नाही. काही जण ऐकून घेतात. काही "ठीक आहे मामा, जाऊ द्या" म्हणतात. मी जाऊ देत नाही. पूर्ण ऐकवतो आणि मगच नावापुढं खूण करतो.

अठरा झाले. एकोणीस उरले. त्यातले पाच जण कॉलेज सोडून गेले आहेत. त्यांचे पत्ते मी काढले आहेत. त्यांच्या घरी जाणार, त्यांच्या आईबापांसमोर सांगणार. मेमो दुसरा येईल, तिसरा येईल, गोदामातूनही काढतील. काढू द्या.

या रविवारी आंबागडला, त्यातल्या पहिल्या घरी, जातो आहे.